मागच्या सीटवर डोळे मिटून

गाडी बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो, मग टायरला बुटाने ठोकरून बघतो आणि शेवटी स्टीअरिंगवर बसून आरशात स्वतःकडे बघून घेतो. आमचे घरमालक यातलं काहीच करत नसत. शोरूममध्ये शिरले की ते थेट मागचं दार उघडत, सीटच्या डाव्या कोपऱ्यात बसत, घरून आणलेली उशी पाठीशी लावत आणि डोळे मिटून घेत.

"सर, पुढे बसा ना, स्क्रीन दाखवतो," सेल्समन म्हणे.

"मला चालवायची नाहीये. मला बसून बघायचंय. चालवतील हे भाऊ."

भाऊ म्हणजे मी, आणि आम्ही त्यांना काका म्हणायचो. नाशिकरोडला, जेल रोडवरच्या त्यांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. काकांना स्कूटरशिवाय काही चालवता येत नव्हतं, आणि स्कूटरचीही एक गंमत होती. तिच्या हॉर्नची वायर त्यांनी स्वतःच तोडून टाकली होती. "ज्याचा ब्रेकवर विश्वास नाही तो हॉर्न वाजवतो," असं त्यांचं म्हणणं. रस्त्यात कोणी आडवं आलं की ते वेग कमी करून हाक मारत, "अहो ताई, जरा बाजूला!" बिटको चौकातल्या गर्दीत ही हाक ऐकून एकाच वेळी बऱ्याच ताया मागे वळत.

नोकरी त्यांनी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात केली, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर. तिथल्या सवयी अंगाला चिकटून राहिल्या होत्या. आमच्याकडे चहाला आले तरी बसण्याआधी फ्रिजवर तळहात टेकवत, मान कलती करून ऐकत. "बेअरिंग बोलतंय. महिनाभर काढला तर नशीब." तो फ्रिज अजून चालू आहे. मिक्सरबद्दल मात्र ते कधी बोलले नाहीत आणि तो पुढच्याच आठवड्यात जळाला. हे त्यांना सांगितलं की ते मनापासून हसत. आणि चुकलो असं कबूलही करत. खोटेपणाचा त्यांना फार तिटकारा. भाजीवाला असो, प्लंबर असो, जावई असो, कोणी बढाई मारू लागलं की ते म्हणत, "खरं आधी, चहा नंतर."

ह्या स्वभावामुळे एका शोरूममध्ये मोठा प्रसंग झाला. आम्ही इलेक्ट्रिक एसयूव्ही बघायला गेलो होतो. टाय लावलेला सेल्समन उत्साहात होता. "सर, झिरो पोल्युशन. धूर नाहीच."

"हिला वीज कुठून येते?"

"चार्जरमधून, सर."

"आणि चार्जरला?"

तो टाय नीट करू लागला. काका मागच्या सीटवरून बाहेर आले, उशी काखेत धरली. "एकलहऱ्याची चिमणी बघितलीत कधी? मी तिच्याखाली उभं आयुष्य काढलं. संध्याकाळी आमच्या गच्चीच्या कठड्यावरून बोट फिरवा, काळं होतं. धूर आहे. फक्त तुमच्या काचेपासून लांब आहे."

"मग सर, पेट्रोलमध्ये दाखवू का?"

"मी कुठे म्हणालो घेणार नाही? खोटं सांगू नका, एवढंच म्हणालो."

हे सगळं ते का करत होते, ते मला आधीपासून ठाऊक होतं. काकूंच्या मणक्यांत कर्करोग पसरला होता. उपचार करून झाले होते. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, जे करायचं ते आता करा. काकूंना एकच करायचं होतं. त्यांना नामपूरला, माहेरी जायचं होतं. धाकट्या भावाचं घर, पलीकडचा कांद्याचा मळा, बास.

आधी भाड्याच्या गाडीने जाऊन पाहिलं होतं. आडगाव ओलांडायच्या आतच काकूंना दोनदा उलटी झाली. इंजिनचा वास, बंद काचा, औषधांनी ढवळलेलं पोट आणि प्रत्येक खड्ड्याला पाठीत उठणारी कळ. परत आणावं लागलं. त्यांचा मुलगा बंगळूरूहून फोनवर म्हणाला, ॲम्ब्युलन्स करा. काकूंनी नकारार्थी मान हलवली. "ॲम्ब्युलन्समधून माहेरी? अख्खं गाव दारात येऊन उभं राहील. मला जिवंतपणी जायचंय."

तेव्हा काकांनी ठरवलं की गाडी विकतच घ्यायची. भाड्याची गाडी आपल्या म्हणण्याने हळू चालत नाही, तिच्या सीटला हात लावता येत नाही. आणि मग सुरू झालं आमचं रविवारचं काम. एकाच आकाराच्या, जवळपास सारख्या दिसणाऱ्या गाड्या, एक पेट्रोलची आणि एक विजेची. सेल्समन शेजारी, मी स्टीअरिंगवर आणि काका मागे डोळे मिटून. रस्ताही ते नेहमी तोच घ्यायला लावत, सिन्नर फाट्याकडून एकलहऱ्याला वळणारा, जिथे कोळशाच्या ट्रकांनी डांबराची चाळण केलेली.

मला वाटलं होतं की निकाल सरळ लागेल. तसा लागला नाही. पेट्रोलची गाडी सिग्नलला उभी राहिली की तिची थरथर सीटमधून उशीत आणि उशीतून पाठीत येते, असं काका सांगत. गिअर बदलताना पोटाला हिसका बसतो. विजेच्या गाडीत थरथर नाही, हिसका नाही, वासही नाही. पण ती बॅटरीने जड झालेली. खड्ड्यात उतरली की धप्पकन उतरते आणि तो दणका सरळ कमरेत येतो. खालचा तळ उंच, म्हणून गुडघे वर राहतात. आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपणहून ब्रेक लावल्यासारखी मंदावते. त्या क्षणी काका मागून ओरडत, "आता! आत्ता पोट पुढे गेलं!" सेल्समनने स्क्रीनवर काहीतरी दाबून ते कमी करून दाखवलं. दणका मात्र तसाच राहिला.

"मग पेट्रोलचीच घेऊ या का, काका?" विजेची गाडी चालवत असताना मी एकदा विचारलं. "नामपूर लांब आहे. चार्जिंगची कटकट नको."

त्यांनी पाठीची उशी काढून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "भाऊ, मघाशी पेट्रोलच्या गाडीत मी मुद्दाम कण्हलो. तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही."

"आणि आत्ता, ह्या गाडीत?"

ऐकू आलं होतं. मला वाटलं त्यांना खरंच काही होतंय, आणि मी गाडी हळूही केली होती.

"मग हीच," काका म्हणाले. "ती सांगणार नाही. दुखतंय असं तिने आयुष्यात सांगितलेलं नाही. निदान ऐकू तरी येईल."

गाडी आली. काकांनी तिला हार घातला नाही, नारळ फोडला नाही. मागच्या सीटवर मऊ फोमची गादी बसवून घेतली आणि दणका कमी लागावा म्हणून टायरमधली हवा किती ठेवायची यावर गॅरेजवाल्याशी वाद घातला. काकू खिडकीतून बघत होत्या. माझी बायको त्यांच्याजवळ बसली होती, तिला त्या म्हणाल्या, "एवढं तर माझं लग्न ठरवतानासुद्धा कोणी बघितलं नव्हतं."

आम्ही निघालो ती सकाळ थंडीची होती. पिंपळगावच्या पुढे द्राक्षबागांवर धुकं होतं. काका पुढे माझ्याशेजारी बसले होते, पण सगळा वेळ मागे वळूनच. मी इतकी हळू गाडी चालवली की ट्रॅक्टरवाले हात दाखवून पुढे जात होते. काकूंना उलटी झाली नाही. कण्हल्याचा आवाजही आला नाही. देवळ्याच्या पुढे एका खड्ड्यात चाक गेलंच. मी आरशात पाहिलं. काकूंनी पदराचं टोक दातांत धरलं होतं, डोळे घट्ट मिटले होते. आवाज नाही.

"दुखलं का गं?" काकांनी विचारलं.

"नाही. छान आहे गाडी."

काकांचा चेहरा उजळला. सटाणा येईपर्यंत ते मला विजेच्या गाडीचे गुण सांगत राहिले. आपली निवड बरोबर निघाली याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

नामपूरला काकूंचे भाऊ अंगणातच उभे होते. आम्ही त्यांना मामा म्हणू लागलो. उंच, काळेसावळे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. गाडी थांबली तरी ते वाट बघत राहिले. मग खिडकीशी वाकले. "दाजी, गाडी चालू शे का बंद शे?"

"बंद आहे. आता बंद आहे."

"आवाज तं पहिलेबी नही व्हता!"

काकू हसल्या. गाडीतून उतरवताना मामांनी त्यांना लहान मुलीसारखं उचललं. बहिणीचं वजन किती कमी झालंय ते हातांना कळलं, आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. पण ते मोठ्याने म्हणाले, "ताई, तू तं फूल शे!"

जेवणं झाली, थोडी झोप झाली. उन्हं कलल्यावर काकू म्हणाल्या, "मला मळा बघायचाय."

मळ्याचा रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. आमची गाडी तिथे जाणं शक्य होतं, पण तो दणका काकांना नको होता. "इथून गच्चीवरून दिसतो की मळा," ते म्हणाले.

"गच्चीवरून नको. तुझी जीप चालू आहे का रे?" काकूंनी भावाला विचारलं.

मामांची जीप जुनी, पेट्रोलवर चालणारी, बाजूंनी उघडी. कांद्याच्या गोण्या वाहून वाहून तिच्या पत्र्याला पोचे पडले होते. काका उठूनच उभे राहिले. "वेड लागलंय का तुला? तिच्या सीटला स्प्रिंग तरी आहे का? आणि धूर किती सोडते ती!"

काकूंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "अहो, आता अजून काय व्हायचंय मला?"

 मामांनी पुढच्या सीटवर दोन गोधड्या अंथरल्या आणि बहिणीला बसवलं. जीप खोकत, धूर सोडत सुरू झाली. काकांना वाटत होतं की आपल्यालाही नेतील. काकू म्हणाल्या, "तुम्ही थांबा. आम्ही दोघं बहीणभाऊ जाऊन येतो."

काका अंगणात खाटेवर बसले. जीपचा आवाज लांबवर ऐकू येत होता. तो थांबला की ते उठून फाटकाशी जात, परत सुरू झाला की येऊन बसत. मी त्यांच्याजवळ बसून होतो.

परत आल्या तेव्हा काकूंचे केस विस्कटले होते. तोंड धुतलेलं दिसत होतं, पुढचं लुगडं ओलं होतं. आणि त्या हसत होत्या. नुसत्या हसत नव्हत्या, दमल्या होत्या, गळून गेल्या होत्या, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. मामींनी त्यांना आत नेऊन झोपवलं, औषध दिलं.

काकांनी मामांना गाठलं. "उलटी झाली ना?"

"व्हयनी एकदाव. तोंड धवाडं आन म्हने, पुढे चाल."

"आणि दुखत होतं? काही म्हणाली का?"

मामा टॉवेलने मान पुसत राहिले. मग म्हणाले, "दाजी, खरं सांगू का? जीप चालू व्हताच ताई कन्हाले लागनी. मोठमोठ्यानं. मंग रडनी, मंग हासनी. मी म्हनं, थांबाडू का? तं म्हने, नको रे, चालू दे. आवाज ऱ्हाऊ दे." ते थोडे थांबले, आणि आम्हाला नीट कळावं म्हणून सरळ मराठीत बोलले. "ती म्हणाली, त्या गाडीत कण्हायलासुद्धा जागा नाही. यांचे कान सारखे माझ्याकडे असतात. यांना ऐकू गेलं तर हे आधी मरतील."

काका मान खाली घालून ऐकत होते.  गाडीशी गेले, मागचं दार उघडलं, ती मऊ गादी हाताने दाबून पाहिली, आणि दार लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं होतं. गाडी रात्रभर विहिरीच्या मोटारीच्या खोलीतल्या सॉकेटला लावून ठेवली होती. मी चहा पिऊन बाहेर आलो तर काका गाडीपाशी उभे.

"आज निघता येणार नाही," ते म्हणाले. "चार्ज झालेली नाही. रात्री लाइट गेली होती."

मामा शेजारीच दात घासत होते. त्यांनी काकांकडे पाहिलं, चूळ भरली आणि म्हणाले, "हा, गई व्हती ना दाजी. लय टाइम गई व्हती."

मी गाडीचं दार उघडलं. स्क्रीन आपणहून उजळली. काकांनी चटकन पुढे होऊन आकड्यावर तळहात ठेवला. मला दिसायचं ते दिसलं होतं. बॅटरी पूर्ण भरलेली होती.

"पेट्रोलची असती," काका माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "तर काय सांगितलं असतं?"

मी कंपनीत फोन करून रजा वाढवून घेतली. तो दिवस काकू ओट्यावर उन्हात पडून होत्या. गावातल्या बायका येत होत्या, जात होत्या. त्यांच्याशी काकू अहिराणीत बोलत, आणि त्या बोलीत त्यांचा आवाजही वेगळा, जरा चढा यायचा. काका लांब, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, बाभळीखाली खाट टाकून बसले होते. मुद्दाम बसले होते.

परत निघताना त्यांनी काकूंना विचारलं, "तू कुठे बसतेस?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढे."

आम्ही ती मऊ गादी काढून पुढच्या सीटवर कशीबशी बसवली, सीट मागे कलती केली. काका मागे बसले. गाडी निघाल्यावर त्यांनी मला सगळ्या काचा उघडायला लावल्या आणि गाणी लावायला सांगितली. "मोठ्याने. अजून मोठ्याने." वाऱ्याने आणि गाण्यांनी ती शांत गाडी भरून गेली. शेजारी काकू काय करत होत्या ते मी बघितलं नाही. मी समोर बघून गाडी चालवत होतो. एकदा आरशात पाहिलं, तर काका मागे डोळे मिटून बसले होते आणि त्यांनी दोन्ही हात कानांवर धरले होते.

काकू त्यानंतर फार दिवस राहिल्या नाहीत. घरीच गेल्या, दुपारी, काका ताटावर बसलेले असताना. वैकुंठरथ आला तो डिझेलचा, फाटकाशी उभा राहून धुराने गल्ली भरून टाकत होता. काकांनी चालकाला एवढंच विचारलं, इंजिन बंद ठेवता येईल का. तो म्हणाला, बंद केलं तर परत सुरू होत नाही काका. "बरं," ते म्हणाले.

गाडी पोर्चमध्ये कापडाखाली गेली. काका अधूनमधून ती चार्जिंगला लावत, बॅटरी उतरू नये म्हणून. बाकी तिच्याबद्दल बोलत नसत. फ्रिजवर हात टेकवणंही थांबलं. चहाला बोलावलं तर येत, बसत आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून उठत. कोणी काही फुगवून सांगितलं तरी त्याला टोकत नसत.

पुढे माझी धुळ्याला बदली ठरली, आणि आम्हीही गाडी घ्यायचं ठरवलं. मी सगळी तयारी केली होती. मला रोज लांब जावं लागणार, धुळ्यात ज्या इमारतीत राहणार तिथे चार्जिंगची सोय नाही, म्हणजे पेट्रोल. पण शहरात रोजचं चालवायला विजेची बरी. हे सगळं घेऊन मी खाली गेलो. काकांइतक्या गाड्या तुलना करून नाशिकमध्ये कोणी बघितल्या नसतील, असं मला वाटत होतं. शिवाय ह्या निमित्ताने ते बोलतील अशीही आशा होती.

ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मी विचारलं, "मग काका, कोणती घेऊ?"

"सूनबाईंना विचारलंत?" माझ्या बायकोला ते असंच म्हणत.

"तिचं काय, तिला दोन्ही चालतील."

"असं त्या म्हणाल्या?"

ती तसं म्हणाली नव्हती.

"आधी वर जा," काका म्हणाले. "त्यांना विचारा, तुला कुठे बसायचंय. बाकीचं नंतर."

मी वर गेलो. बायको सामानाची खोकी बांधत होती. मी विचारलं तसं तिने दोरी खाली ठेवली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. तिने क्षणभर विचार केला आणि जरा लाजून म्हणाली, "मला चालवायची आहे."

मी खाली येऊन काकांना ते सांगितलं. ते हसले. खूप दिवसांनी हसले. "बघा," म्हणाले, "बघा." मग खांद्यावरचा पंचा त्यांनी तोंडावर धरला आणि मी समोर उभा असताना, कोणी ऐकेल याची पर्वा न करता, मोठमोठ्याने रडू लागले.